उसातले निंजा

घरामागच्या आमच्या उसाचा फोटो काढून मी घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘यात पाच निंजा लपलेत. शोधा.’ फोटोत नुसता ऊस. कुणालाच काही दिसेना. मग मी लिहिलं, ‘दिसले तर ते निंजा कसले?’ सगळे हसले. सासूबाई मात्र ओट्यावर बसून मोबाईल डोळ्यांशी धरून शोधतच होत्या.

“आत्या, चेष्टा आहे हो ती!” मी वैतागले. “निंजा म्हणजे काळे कपडे घालून लपणारे जपानी लोक. ते पारगावात कशाला मरायला येतील?”

“फोटू कवाचा?”

“आत्ताच काढलाय.”

त्यांनी फोटो मोठा करून पाचटाजवळ बोट ठेवलं. “तुझं जपानी मला ठावं न्हाई. पण हे कान बिबट्याचे हायेत. शेळ्या आत घे.”