दोन कुलपांची झडप

सहा एप्रिल, सकाळचे सव्वासात. वरचं गाव किर्गीझांचं, खालचं ताजिकांचं, आणि मध्ये सामाईक पाट. धुकं नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर दोन्हीकडच्या साहेबांनी धुकं लिहिलं.

मी त्या पाटाची लोखंडी झडप बोलतेय. मी बंद असले की पाणी वरच्या शेतांना जातं, उघडले की खालच्या.

मला बसवलं तेव्हा हा सगळा एकच सोव्हिएत देश होता. पुढे तो मोडला. कसा, ते मला कळलं नाही. मी पाण्यातच उभी होते. वरच्या अंगाला एक चौकी आली, खालच्या अंगाला दुसरी. मोजणीवाले दोन नकाशे घेऊन आले. एकात मी या देशात, दुसऱ्यात त्या. भांडण मिटेना, तेव्हा दोन्ही सरकारांनी मला उघडायच्या चाकाला आपापलं कुलूप ठोकलं आणि किल्ली आपापल्या गावच्या पाटकऱ्याकडे दिली.

दोन्ही गावांच्या पाटकऱ्यांनी त्यातूनही वाट काढली. पाळी संपली की वरचा कचकिनबाय ताजी रोटी आणि आपली किल्ली फडक्यात बांधून माझ्या चाकाला लटकवायचा. म्हणजे, पाणी आता तुमचं. खालचा शेरअली येऊन गाठोडं सोडायचा आणि बांधावरच्या कचकिनबायला थोरल्या भावासारखी 'अका' म्हणून हाक मारायचा.

"अका, किल्ली तेवढी देत जा. रोटी जळकी असते तुझी!"

"जळकी तुझी जीभ! आणि पाण्याला सांग, पासपोर्ट घेऊन उतर म्हणावं."

त्या आठवड्यात दोन्ही चौक्यांवरचे शिपाई बदलले होते. नवे शिपाई लांबच्या शहरांतले. रोटीची रीत त्यांना कुणी सांगितली नव्हती. शेरअली घाईत होता. जर्दाळू फुलावर आले होते आणि पाण्याला सहा दिवस उशीर झाला होता.

त्याने गाठोड्याला हात घातला.

"ए! झडपेला काय बांधलंय? हात वर!" कुठल्या चौकीतून ओरडले, कळलं नाही. दोन्हीकडे खटके वाजले.

कचकिनबाय बांधावरून धावत आला. "अरे, रोटी आहे ती! डोळे फुटले का? रोटी!"

गोळी एकच सुटली. ती शेरअलीच्या छातीतून गेली आणि माझ्या पत्र्यातून. आधी तो की आधी मी, मला सांगता येत नाही. तो माझ्या चाकाला धरूनच खाली बसला. पुन्हा उठला नाही.

चौकशीला दोन पथकं आली. दोघांनी लिहिलं, गोळी पलीकडून आली. गाठोडं पुरावा म्हणून मोहोरबंद झालं, किल्लीसकट. मी बंदच राहिले. शेरअलीच्या जर्दाळूंचा फुलोरा गळून गेला.

कचकिनबाय दोन्ही पथकांच्या मागे फिरला. "साहेब, पत्र्याच्या भोकात बोट घाला. कड ज्या बाजूला वळलीय, गोळी त्या बाजूला गेली. एवढं लोहारालाही कळतं."

"आजोबा, ते तज्ज्ञांचं काम आहे."

माझं पोट कुठलं, पाठ कुठली, कुठला देश माझ्या पुढे आणि कुठला मागे, हे मला कधीच उमगलं नाही. भोक मात्र जागेवर आहे. त्यात बोट घालून बघायला आजवर दोन्ही देशांतला एकही साहेब पाटात उतरलेला नाही.