तीन दिवस उभ्याने

बाबा एकोणिसाव्या वर्षी या देशात आले ते तीन दिवस, दोन रात्री गाडीत उभ्याने. घरातले सगळे कायदे या एका प्रवासातून निघाले होते. कुणाला ताप आला, "मी तीन दिवस उभा होतो." कुणाची दाढ ठणकली, "मी तीन दिवस उभा होतो." आईला तर बाळंतपणाच्या कळांतही हेच ऐकावं लागलं. तेव्हा ते खुर्चीत बसून बोलत होते, एवढं ती आवर्जून सांगे.

आता पंचाहत्तरीला या प्रवासाचं पुस्तक निघणार होतं. लिहायचं काम मुलीकडे. ती बाबांच्या कुलपांच्या दुकानात बारा वर्षं किल्ल्या घासत होती, म्हणजे तिला वेळच वेळ. तिला परदेशात नकाशे काढायची नोकरी मिळाली होती आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. बाबांचं उत्तर ठरलेलं, "तू निघून जावंस म्हणून का मी तीन दिवस उभा राहिलो?"

पुस्तकासाठी जुने कागद चाळताना तिला त्या गाडीचं तिकीट सापडलं.

"बाबा, यावर आसन क्रमांक आहे. बेचाळीस. खिडकीजवळचा."

"असेल."

"मग उभे का राहिलात?"

बाबांनी स्वच्छ चष्मा पुन्हा पुसला. "तुझ्या आजीनं नव्या पँटला इस्त्री करून दिली होती. म्हणाली, साहेब आधी कपडे बघतो. बसलो असतो तर क्रीज मोडली असती."

"तीन दिवस?"

"धार होती तिला. लोणी कापलं असतं."

"मग साहेबानं पाहिली?"

"त्यानं फाटकातच कारखान्याचा डगला चढवायला लावला. गळ्यापासून घोट्यापर्यंत."

स्वयंपाकघरातून आईचं हसू आलं. बऱ्याच वर्षांचं तुंबलेलं असावं, थांबेना. "म्हणजे मी जन्मभर दाढ दाबून बसले ती एका पँटीपायी."

"हे पुस्तकात घालू नकोस," बाबा मुलीला हळूच म्हणाले.

"पहिल्याच पानावर घालते."

"लोक काय म्हणतील?"

"बरं, नाही घालत. मग मी जाऊ?"

"ही अडवणूक झाली."

"झाली खरी."

"कुणाकडून शिकलीस?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याइतकं उद्धट त्या घरात कुणी नव्हतं. बाबांनी तिकीट घडी करून खिशात घातलं. मग म्हणाले, "दुकानात मला बोलायला कुणी उरणार नाही, एवढंच. कळव त्यांना."

पुस्तक वेळेवर निघालं. त्यात बाबा उभेच आहेत, आणि गाडीला चार दिवस लागतात. चौथा त्यांनी मुद्रितं तपासताना स्वतःच्या हातानं घातला. तोवर मुलगी पोचलीही होती.