डॉक्टर येईपर्यंत

तकियाची पंधरापैकी चारच उत्तरं बरोबर आली. ताइझ शहरातल्या एका इस्पितळात नर्स म्हणून बावीस वर्षं काढलेल्या बाईची ही शोभा, आणि पेपर तपासणारी इब्तिहाल तिच्या मुलीच्या वयाची. श्वास थांबलेल्या माणसाला कसं जगवायचं, ते शिकवायला ही पोर एडनहून आली होती. सरावाचा रबरी बाहुला वाटेत चौकीवर अडकला होता. त्याच्या पोटात काय दडवलंय ते शिपायांना बघायचं होतं. म्हणून तिने पिठाच्या गोणीत चिंध्या कोंबून माणूस बनवला होता.

रोग्याचा श्वास थांबला तर आधी काय कराल, या प्रश्नाला तकियाने लिहिलं होतं, डॉक्टरांना बोलावीन आणि रक्तदाब मोजीन. वर्गातल्या अकराही नर्सनी तेच लिहिलं होतं. इस्पितळाची रीतच तशी होती, डॉक्टरांच्या आधी नर्सने रोग्याच्या छातीला हात लावायचा नाही. पुढे लढाईने शहराचे दोन तुकडे केले, डॉक्टर पलीकडे राहिले आणि पाच मिनिटांच्या वाटेला डोंगराला वळसा घालून सहा तास लागू लागले. रीत मात्र जागची हलली नाही. अजूनही फोन जाई आणि सगळ्या जणी खाटेभोवती वाट बघत उभ्या राहत.

इब्तिहालने शांतपणे समजावलं, की मदतीला हाक मारायचीच, पण हात रिकामे ठेवायचे नाहीत. छातीच्या मधोमध तळवे ठेवून तीस वेळा जोरात दाबायचं, मग दोन श्वास द्यायचे, आणि पुन्हा तेच. तकिया मुकाट्याने गुडघ्यांवर बसून गोणी दाबू लागली.

दारात हूरिया फरशी पुसत होती. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा छाती धरून कोसळला आणि याच खोलीत, तिसऱ्या खाटेवर गेला. नंतर तकियानेच तिला इथे झाडलोटीला लावून दिलं. दर ईदला हूरिया तिच्यासाठी मधात भिजलेली पदरांची पोळी, सबाया, करून आणी, कारण तकियाने तिला सांगितलं होतं, करता येण्याजोगं सगळं आम्ही केलं. त्या एका वाक्यावर ती बाई जगत होती.

हूरियाचं फडकं थांबलं.

"उम्म नशवान," ती म्हणाली. नशवानची आई म्हणून सारं इस्पितळ तकियाला याच नावाने हाक मारी. "त्या दिवशी तुम्ही हे केलं नव्हतंत. दंडाला पट्टा बांधलात आणि फोन लावलात. मी बघत होते."

त्याचा आजार वेगळा होता, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. इब्तिहालने मान खाली घातली होती. तिने काही खोडून काढलं नसतं. तकियाला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"नाही केलं," ती म्हणाली. "मला येत नव्हतं."

"येत असतं तर वाचले असते?"

"कदाचित. नक्की नाही सांगता येत."

हूरियाने फडकं पिळून बादलीच्या काठावर टाकलं. आता ही निघून जाणार, असं सगळ्यांना वाटलं. पण ती आत आली आणि गोणीच्या पलीकडे, तकियासमोर बसली.

"मला शिकवा," ती म्हणाली. "तुम्ही फोन लावत बसाल, तेव्हा मी दाबेन."

तकियाने तिचे ओले हात धरून गोणीच्या मधोमध ठेवले.

त्या वर्षी ईदला सबाया आली नाही. हूरिया मात्र रोज कामावर आली, की गोणी तीस वेळा दाबून मगच बादली उचले.