ठोकळ्याची सेवा

आमचं इंजिन अवकाशात चाललं आणि उपग्रह वरच्या कक्षेत गेला. आता हे मी बोललोच नाही असं समजा. त्या शुक्रवारी सकाळी हे कोणी म्हटलं असतं, तर साहेबांनी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

इंजिन मुठीत मावणारं. धातूची भुकटी लेसरने वितळवून, थरावर थर देत आम्ही ते प्रिंटरवर छापलं होतं. आत वायू खेळवायला बारीक, वळणदार नळ्या. ती वळणं ताईच्या डोक्यातली. ताई म्हणजे आमच्या गटाची प्रमुख आणि माझी सख्खी बहीण, त्यामुळे ऑफिसात उरलेली बोलणी मला घरी जेवताना मिळत.

इंजिन जमलं नाही तर उपग्रहात त्याच्या जागी, आराखड्यात इंजिनाचं धरलेलं तेवढ्याच वजनाचा धातूचा ठोकळा जाणार होता. ठोकळ्याला हलवून झालं, तापवून झालं, गोठवून झालं. पठ्ठ्या प्रत्येक चाचणीत पास. आमचं इंजिन एकदा शिंकायचं आणि गप्प बसायचं. साहेबांचा जीव ठोकळ्यावर जडला. आईसुद्धा म्हणायला लागली, "त्याच्याकडून शिका जरा. कधी कुरकुर आहे का त्याची?"

शुक्रवारी शेवटची संधी. ताईपुढचा चहा निवलेला, ती नळ्यांच्या चित्रात बुडालेली. तिला हसवावं म्हणून मी वायरी काढलेलं इंजिन आणि ठोकळा आळीपाळीने काट्यावर ठेवले. म्हटलं, निदान वजनात तरी बरोबरी आहे का बघू.

इंजिन चिमूटभर जड भरलं. आजवर आम्ही ते वायरींसकट तोललं होतं आणि जास्तीचं सगळं वायरींच्या नावावर खपवलं होतं.

ताई उठली. "याच्या पोटात न वितळलेली भुकटी अडकलीय."

हादरे देणाऱ्या टेबलावर आम्ही त्याला उलटं, आडवं, तिरकं बांधून दुपारपर्यंत हलवलं. कागदावर राखाडी चिमूट पडली. पुन्हा तोललं, तर थेट ठोकळ्याएवढं.

संध्याकाळी निर्वात टाकीत त्याने जोर लावला. जोर केवढा, तर तळहातावर कागद ठेवल्याएवढा. पण काटा सरकला आणि तिथेच ठाम राहिला. साहेबांनी वाकून काटा पुन्हा वाचला. मग म्हणाले, "ठोकळा राहू दे इथेच."

त्या रात्री ताईने मला एकही बोल लावला नाही. तिला ताप तर नाही ना, म्हणून आईने कपाळाला हात लावून पाहिला. हल्ली आई भरदुपारी पाहुण्यांना अंगणात नेऊन, वर बोट करून म्हणते, "लेकीचं आहे ते."

तरी माननीय साहेबांस विनंती की, सदर ठोकळ्याची सेवा विचारात घेऊन त्यास पुढील उपग्रहात खिडकीजवळची जागा देण्यात यावी. खिडकी नसल्यास पाडून घेण्यात यावी.