सतरा नंबरचा सांधा

शनिवारी दुपारी गॅरेजवाल्या हरमीतच्या टेम्पोतून माझी मोटारसायकल घरी आली, तेव्हा मी ती ओळखली फक्त गळ्यावरून. बाकी सगळं गेलं होतं.

१९७८ ची येझदी. ज्या लांब सीटवर मी, बायको शशिकला आणि मध्ये दामटून बसवलेला आमचा मुलगा हृषीकेश असे तिघं पिंजोरपर्यंत जायचो, ती सीट नव्हती. तिच्या जागी वीतभर गादी, तीही शेपटीकडे वर उचललेली, विंचवाच्या नांगीसारखी. मागचं मडगार्ड कापलेलं. मागचे दोन शॉकअप काढून मधोमध एकच जाडजूड शॉकअप बसवलेला. पुढचं चाक धरणारा काटा कुठल्यातरी नव्या गाडीचा. गोल दिव्याच्या जागी दोन बारके दिवे. आणि सगळीकडे काळा रंग. फक्त हँडलखालचा गळा, जिथे काटा सांगाड्याला मिळतो ती जागा, तेवढी माझ्या जुन्या किरमिजी रंगाची राहिली होती.

"स्ट्रीटफायटर है, आजोबा," अवनी म्हणाली. "मस्त है ना?"

"रस्त्यावर मारामारी करायला कोण निघालंय? तू?"

"मंडे से. डेराबस्सी."

अवनी माझी नात. चोवीस वर्षांची. आईबाप बदलीवर विशाखापट्टणमला, म्हणून ती चंदीगडला सेक्टर ४५ मध्ये आमच्याकडे राहते. डेराबस्सीला औषधाच्या कारखान्यात गोळ्या तपासायचं काम करते. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. डेराबस्सीच्या रस्त्यावरून दिवसरात्र ट्रक धावतात, आणि ती त्यांच्यामधून या विंचवावर बसून जाणार होती.

गाडी तिला मीच दिली होती. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, हात थरथरायला लागला, गाडी चार वर्षं नुसती उभी होती. पण देताना एक अट घातली होती. काय कापायचं ते कापा, गळ्याला हात लावायचा नाही. हरमीत तेव्हा म्हणाला होता, "अंकल जी, नया फोर्क भारी है, गर्दन पे ज़ोर आएगा. गर्दन का पेंट उतारके एक बार देख लेते हैं." मी त्याला असा झापला की तो चहा अर्धा टाकून गेला.

कारण गळ्याचा सांधा माझा होता.

एकोणीसशे एक्याण्णवमध्ये काल्क्याच्या रस्त्यावर खड्ड्यात आपटून तो तडकला, तेव्हा मी सेक्टर ३० मधल्या प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होतो. आमचे फोरमन श्यामकांत यांचा एक नियम होता. ज्या सांध्यावर माणसाचा भार येतो, त्याच्या शेजारी सांधा करणाऱ्याने आपला नंबर पोलादी ठशाने ठोकायचा. ठोकायची हिंमत नसेल तर सांधा कापून पुन्हा करायचा. माझा नंबर सतरा. मी कामाला लागलो तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. एकोणतिसाव्या वर्षी त्या ठशांवरूनच मी आधी आकडे शिकलो, मग अक्षरं, ठशावर उलटी आणि पत्र्यावर सुलटी. तर गळ्यावर मी सतरा ठोकला, वरून किरमिजी रंग मारला, आणि त्यावर अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं गाडी चालवली.

आता मी खाली बसून हरमीतच्या शॉकअपचा सांधा बघत होतो. सगळं मागचं वजन त्या एका पट्टीवर. वरून गुळगुळीत काळा रंग.

"हे वेल्डिंग कोणी केलं?"

"मैंने, अंकल जी." हरमीत तिशीचा. दाढी नीट, हात काळे. मी रागावलो की त्याच्याशीही मराठीत बोलतो, आणि त्याला ते बरोबर कळतं.

"मग तुझा नंबर कुठाय?"

"नंबर? अंकल जी, इंस्टाग्राम पे है ना. नाम, नंबर, सब."

अवनी हसली. माझं डोकं फिरलं.

"गाडी मोडली की इंस्टाग्राम धरणार आहे का तिला? ट्रकच्या चाकाखाली? वरून रंग फासला की आतली घाण झाकते! तुमची सगळी पिढीच रंगाची!"

"आजोबा, यार, हमेशा यही..."

"यार मला म्हणायचं नाही!"

दारातून शशिकला म्हणाली, "अहो, शेजारी ऐकतायत. आणि गाडी तिची आहे आता."

"तिची असू दे. जीव माझा आहे तिच्यात."

मी पाना घेतला, प्लग खोलला आणि शर्टाच्या खिशात टाकला. प्लगशिवाय येझदी म्हणजे लोखंडाची घोडी. अवनीने हात पुढे केला, मी दिला नाही. ती पाय आपटत आत गेली आणि रात्रीचं जेवण तिने खोलीत घेतलं. खिशातला प्लग मला रात्रभर छातीला टोचत राहिला, पण मी तो काढून ठेवला नाही.

रविवारी सकाळी मी हरमीतला बोलावून घेतलं. "ये. तुझ्या सांध्याची परीक्षा आहे."

परीक्षा आमच्या वर्कशॉपची. सांधा उघडा करायचा, पुसायचा, त्यावर रॉकेल लावायचं. अर्ध्या तासाने कोरडं पुसून घ्यायचं आणि खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ थर द्यायचा. थर वाळला की शेजारी हातोडीने हळू ठोकायचं. कुठे तडा असेल, तर त्यात मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली काळी रेघ उमटते. केसाएवढा तडाही सुटत नाही. चंदीगडात आता रॉकेल मिळत नाही, म्हणून मी पंपावरून बाटलीभर डिझेल आणलं होतं.

खरवडणीने मी त्याचा काळा रंग काढायला लागलो.

"अंकल जी, तीन कोट हैं उसपे!" हरमीत कळवळला.

"तीन कोट घालून नवरा मुलगा सजतो. सांधा नाही." खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. मला त्याला अवनीसमोर उघडा पाडायचा होता.

अवनी हाताची घडी घालून उभी होती. रागावलेलीच. मी डिझेलचा ब्रश उचलला, तशी ती म्हणाली, "आजोबा, ऐसे टेस्ट नहीं होता. हमारे यहाँ एक ऐसी गोली भी साथ में रखते हैं जो पक्का सही है. उसके बिना कैसे पता चलेगा कि टेस्ट ठीक है?"

"मग?"

"गर्दन पे भी लगाओ. वो तो सही है ना?"

"लावतो की!" मी म्हणालो. "बघ आणि शीक. सतरा नंबर आहे तो." हरमीतकडे बघून मी मुद्दाम मोठ्याने हसलो. आणि तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा माझाच किरमिजी रंग मी माझ्या हाताने खरवडला. खालून सतरा निघाला, काल ठोकल्यासारखा. मी त्यावरून अंगठा फिरवला.

दोन्ही सांध्यांना डिझेल लावलं. त्या अर्ध्या तासात शशिकलाने आम्हाला पोहे दिले. हरमीतने दोनदा मागून घेतले. मग पुसलं, खडू दिला, वाळू दिला. आधी हरमीतचा सांधा ठोकला. मी चष्मा पुसून, नाक टेकवून बघितलं. पांढरा. टोकापासून टोकापर्यंत पांढरा.

"पुन्हा ठोक," मी अवनीला म्हणालो. तिने पुन्हा ठोकलं. पांढरा.

मग तिने गळ्यावर ठोकलं.

रेघ लगेच नाही आली. आधी एक ठिपका आला, मग शेजारी दुसरा, आणि मग दोन्ही ठिपके एकमेकांकडे सरकत गेले. सांध्याच्या काठाने, सतराच्या साताखालून, पार मागे वळून दिसेनाशी होईपर्यंत काळी ओली रेघ. माझ्या करंगळीपेक्षा लांब.

शशिकला पदराला हात पुसत खाली आली आणि तिनेही बघितलं.

"मैंने बोला था," हरमीत हळूच म्हणाला, "गर्दन खोल के..."

"बोलला होतास! मग ऐकलंस कशाला माझं?" मी ओरडलो. "म्हातारा झापतो म्हणून गप्प बसलास? धंदा करतोस की देऊळ चालवतोस? गळ्यात तडा असेल अशी शंका आली, तर बापाचंही ऐकायचं नाही!"

"अंकल जी, आप..."

"गप्प!"

माझा आवाज थांबेना. मी त्याला बोलत होतो, अवनीला बोलत होतो, नव्या काट्याला, काल्क्याच्या रस्त्याला, आणि आतल्या आत मला उद्याची सकाळ दिसत होती. ट्रक, ब्रेक, आणि हातात हँडल आलेली अवनी. त्या सांध्यात ती रेघ किती वर्षं तडकन् मोडायची वाट बघत होती, आणि वरून कोणी बघू नये म्हणून पहाऱ्याला मी बसलो होतो.

"अहो," शशिकला म्हणाली, "बसा आधी."

"बसत नाही!"

अवनीने हातातली हातोडी खाली ठेवली. ती एवढंच म्हणाली, "आजोबा, मंडे को बस से जाऊँगी."

बुधवारी तिने रजा काढली आणि आम्ही गाडी मनीमाजऱ्याला हरमीतच्या गॅरेजमध्ये नेली. मी काळी काच डोळ्यांवर धरून स्टुलावर बसलो. हरमीतने ग्राइंडर हातात घेतला आणि थांबला.

"सतरा रहने दूँ? बगल से काट लेता हूँ. यादगार है."

"घास."

"पक्का?"

"घास म्हणतो ना!"

ठिणग्या उडाल्या. सतरा गेला. त्याखाली तडा पार आत गेलेला होता, तोही त्याने मुळापर्यंत खणून काढला. मग तो सांधायला लागला, आणि मी स्टुलावरून बोलायला. हात हळू. एका दमात नको. गार होऊ दे मध्ये.

"अंकल जी, वेल्डिंग आप कर रहे हो या मैं?"

"तू! म्हणून तर बोलतोय!"

वरून त्याने दोन्ही बाजूंना आधाराच्या पट्ट्या जोडल्या. मी सांगितलं नव्हतं. मला ते सुचायला हवं होतं, म्हणून त्याचाही मला रागच आला.

सगळं गार झाल्यावर मी पिशवीतून ठशांची लाकडी पेटी काढली. आपल्या निवृत्तीच्या दिवशी श्यामकांतांनी ती मला दिली होती. ती मी हरमीतपुढे ठेवली.

"ठोक."

"क्या ठोकूँ? मेरा तो नंबर ही नहीं."

"मग आत्ता ठरव. आणि एकदा ठरवलास की मरेपर्यंत तोच. नसेल ठोकायचा तर काप आणि पुन्हा कर."

त्याने पेटीत बोट फिरवलं. मान खाली घालून त्याने आपला सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. बराच वेळ बघितला. शनिवारी जो इंस्टाग्राम म्हणाला होता तो हा नव्हता. मग त्याने चारचा ठसा उचलला आणि एका घावात ठोकला. चार का, ते मी विचारलं नाही.

डिझेल, अर्धा तास, खडू. अवनीने ठोकलं, तिनेच वाकून बघितलं. माझ्या डोळ्यांवर मी विश्वास ठेवला नाही, तिलाच विचारलं.

"सफेद है, आजोबा. पूरा."

मी खिशातून प्लग काढला. चार दिवस शर्ट बदलला तरी तो बदललेल्या शर्टात जात होता. "आधी बोटांनी बसव. पाना शेवटी. आटे बिघडवलेस तर बघ."

तिने बसवला. तिसऱ्या किकला गाडी पेटली आणि धूर सगळ्या गॅरेजभर झाला.

"आवाज भिकार आहे," मी हरमीतला म्हणालो. "आणि ती गादी. माणूस बसतो की कावळा?"

"पीछे की सीट लगा दूँ, अंकल जी? आपके लिए?"

"मी बसणार नाही तिच्यावर," मी म्हणालो. अवनीने गाडी गेटपर्यंत नेली, ब्रेक दाबून बघितला, पुन्हा दाबला. मी उठून तिच्यामागे गेलो आणि ती रस्त्याला लागेपर्यंत गाडीच्या गळ्याकडे बघत उभा राहिलो.