रांगेची रंगीत तालीम

आजोबांनी फाटकापासून होडीपर्यंतचा सरळ रस्ता काढला आणि पेन्सिल खाली ठेवली. नात टेबलावर कोपरं टेकून बघत होती. ती आठ वर्षांची होती, पण चित्रकलेबद्दल तिची मतं पक्की होती.

"रोलर कोस्टर मस्त आलाय."

"तो रस्ता आहे."

"मग रोलर कोस्टर कुठंय?"

आजोबांनी कागदाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट नेलं. बोट एका जागी ठरेना, तेव्हा नातीने ते धरून बसवलं. रोलर कोस्टर खरोखरच झकास जमला होता. सहा वर्षांपूर्वी पार्किन्सन घरात आला, तेव्हापासून आजोबांचा उजवा हात स्वतःच्या मर्जीने वागत होता, आणि जे मुळातच वेडंवाकडं असायला हवं ते त्याला फार छान जमायचं. घरात कुणाला औषधाची बाटली नीट हलवून हवी असली, की ती मुकाट्याने आजोबांच्या हातात आणून दिली जायची. त्यांची त्याला हरकत नव्हती. हात नाहीतरी हलणारच होता.

थीम पार्कच्या सहलीचा बेत आखायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. बत्तीस वर्षं शहराच्या बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेल्या माणसाच्या देखत दुसऱ्या कुणी वेळापत्रक करावं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. शिवाय या वेळापत्रकाची खरी मालकी गोळीकडे होती. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने आजोबा चालू व्हायचे, अडीच तास चालायचे आणि मग बंद पडायचे. सगळं घर आता याच भाषेत बोलायचं. मुलगी ऑफिसातून फोन करून "बाबा चालू आहेत का?" असं विचारायची, आणि शेजारच्या टेबलावरची माणसं तिच्याकडे चमकून बघायची.

तर त्या हिशेबाने सकाळी दहा वाजता फाटक, साडेदहाला रांग, अकराला होडी, असं सगळं बसवलं होतं. अडचण एवढीच होती की या दुखण्यात अक्षरही लहान लहान होत जातं. दहाचं फाटक ठसठशीत होतं, दुपारचं जेवण मुंगीएवढं झालं होतं, आणि पाचनंतरचा कार्यक्रम जावयाने भिंग लावूनही लागेना.

"बाबा, पाचनंतर नेमकं काय आहे?"

"लिहिलंय की."

"लिहिलंय हे दिसतंय."

जावई एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. कुठल्याही जिन्याकडे बघितलं की तिथून कोण कसं पडेल हे त्याला आधी दिसायचं. माणूस सालस होता, पण त्याच्याबरोबर सहलीला जाणं म्हणजे परीक्षेला बसण्यासारखं होतं.

मात्र यावेळी खरी मेख जावयाने मारली नव्हती, मुलीने मारली होती. तिने महिन्याच्या भाड्याने एक व्हीलचेअर आणून दिवाणखान्यात ठेवली होती. आजोबा त्या खुर्चीशी बोलले नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं ठेवली, दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे, तिसऱ्या दिवशी कांद्यांची टोपली. चौथ्या दिवशी ती खुर्ची कमी आणि फडताळ जास्त वाटायला लागली, तेव्हा मुलीने विषय काढला.

"बाबा, नुसतं फाटक ते होडी एक किलोमीटर आहे."

"बत्तीस वर्षं मी चालत्या गाडीत उभा होतो. काही न धरता. दुनियेला बसायला जागा करून दिली."

"म्हणूनच म्हणते, आता तुम्ही बसा."

"बसून जायचं असेल तर मी येत नाही. तुम्ही सगळे जा, मी बसतो घरी."

"म्हणजे बसणारच ना," आजी स्वयंपाकघरातून म्हणाली.

मुलगी हसली नाही. गेल्या महिन्यात आजोबा मोरीच्या दारात पडले होते, कपाळाला चार टाके पडले होते आणि ते रक्त तिने पुसलं होतं. आजोबांना हे माहीत होतं. पण त्यांना दुसरंही काही माहीत होतं. त्यांच्या ओळखीतली तीन माणसं एकेकदा, फक्त एका दिवसापुरती, अशा खुर्चीत बसली होती, आणि त्यांतलं एकही पुन्हा उठलं नव्हतं. त्यांना नातीच्या शेजारी होडीत बसून भिजायचं होतं आणि त्या होडीपर्यंत स्वतःच्या पायांनी जायचं होतं. याहून जास्त त्यांनी आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं.

शेवटी जावयाने तोडगा काढला. कारखान्यात आग लागण्याची तालीम होते, मग इथे रांगेची का नको?

"ठीक आहे," मुलगी म्हणाली. "पण तिसऱ्यांदा अडकलात की खुर्ची. मग वाद नाही."

"आणि दोनदाच अडकलो तर?"

"तर खुर्ची परत."

अडकणं म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दार आलं, वळण आलं, की आजोबांचे पाय जमिनीला चिकटायचे. डोकं म्हणायचं चला, आणि पाय म्हणायचे तुम्ही व्हा पुढे.

रविवारी सकाळी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये तालमीची मांडामांड झाली. जावयाने कारखान्यातून केशरी शंकू आणि पिवळी-काळी पट्टी आणली होती. चार खुर्च्यांना दोऱ्या बांधून त्याने नागमोडी रांग तयार केली. नात पोछ्याची काठी आडवी धरून फाटक झाली. पलीकडे सतरंजी अंथरून तिच्यावर पाण्याची बादली ठेवली, ती होडी. आजीला गर्दी व्हायला सांगितलं होतं, आणि ती एकटीने जमेल तेवढी गर्दी करत होती. व्हीलचेअर कांदे उतरवून खाली आणली होती आणि खांबापाशी पाहुण्यासारखी ठेवली होती.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ पिशवी घेऊन जिना उतरले. त्यांनी दोऱ्या पाहिल्या, रांग पाहिली आणि आजीच्या मागे उभे राहिले.

"काय मिळतंय?"

"होडी," नात म्हणाली.

गृहस्थांनी क्षणभर विचार केला. "माणशी एक का?"

त्यांना पाहून तळमजल्याच्या बाई आल्या, बाईंना पाहून त्यांची बहीण आली. पाच मिनिटांत रांगेला रांगेचं रूप आलं.

साडेनऊच्या गोळीने सव्वादहाला आजोबांना चालू केलं. ते निघाले, आणि पहिल्याच फाटकाशी, पोछ्याच्या काठीसमोर, थांबले. पाय हलेनात.

"एक," मुलगी म्हणाली आणि वहीत रेघ ओढली.

नातीने काठी खाली केली, आजोबांच्या तोंडाकडे बघितलं आणि तोंडाने दोन घंटा दिल्या. "टिंग टिंग."

बत्तीस वर्षं आजोबांनी दोन घंटा दिल्या की गाडी सुटली होती. त्यांच्या अंगाला दुसरं काही सांगावं लागायचं नाही. उजवा पाय उचलला गेला, डावा त्याच्या मागे आला आणि गाडी स्टॉपवरून निघाली.

पुढचा सरळ रस्ता तर त्यांनी गाजवला. जावयाने धोका दाखवायला जमिनीवर हातहातभर अंतरावर आडव्या पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. आजोबांना त्या फार मानवल्या. पट्टी दिसली की पाय आपोआप उचलून पलीकडे पडायचा. ते एकेक पट्टी ओलांडत असे सुटले की जावयाला त्यांच्याबरोबर राहण्यासाठी पळावं लागलं.

"बाबा, वेगमर्यादा."

"तूच आखलास रस्ता."

पहिल्या वळणावर मात्र ते अडकले. नातीने घंटा दिली, पण आता रांगेतले सगळेच मदतीला आले होते. चौथा मजला म्हणाला, डावा पाय आधी टाका. तळमजला म्हणाला, उजवा. बहीण म्हणाली, अहो, आधी श्वास तर घेऊ द्या त्यांना. एवढ्या सूचनांतून आजोबांच्या पायांना आपली सूचना कोणती तेच कळेना. बऱ्याच वेळाने ते स्वतःच्या जोरावर सुटले.

"दोन," मुलगी म्हणाली. हे म्हणताना तिचा चेहरा पडला होता. आपलं म्हणणं खरं ठरतंय याचा तिला आनंद होत नव्हता.

अजून दोन वळणं बाकी होती. आजोबांनी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं. आता त्यांना भीती वाटत होती आणि भीती वाटली की पाय जास्तच हट्टाला पेटतात, हे ते जाणून होते.

"मला नाही बाई आता उभं राहवत," आजी एकदम म्हणाली. "गुडघे पार गेले माझे."

ती रांगेतून बाहेर पडली, खांबाजवळची व्हीलचेअर घेऊन दोऱ्यांच्या आत आली आणि आजोबांच्या पुढे नेऊन तिच्यात बसली.

"बघताय काय? ढकला."

आजोबांनी खुर्चीचे दांडे धरले. धरताच उजव्या हाताची थरथर दांड्यात जिरली. खुर्ची हलली आणि तिच्यामागे त्यांचे पाय निघाले. त्यांना विचारायला, समजवायला वेळच मिळाला नाही. दुसरं वळण आलं तशी चाकं वळली, चाकांमागे आजोबाही वळले. मागची रांग कौतुकाने पुढे सरकली.

"गुडघे कधीपासून?" आजोबांनी वाकून विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"सकाळी माळ्यावर चढून तूच दोरी काढलीस."

"तेव्हा दुखत नव्हते. पुढे बघा, माणसं आहेत."

आजोबा पुढे बघू लागले. आधी त्यांना राग आला, मग हसू आलं. ही बाई गेली चाळीस वर्षं त्यांना न विचारता त्यांच्या सोयीचं करत आली होती, आणि वर उपकार आपल्यावरच झाल्याचा आव आणत होती. त्यांनी पुढे चौकशी केली नाही. शेवटचं वळणही त्यांनी झोकात घेतलं.

मुलगी वही मिटून हसायला लागली होती. नात पुढे पळाली, सतरंजीवर बसली आणि शेजारी हात आपटून म्हणाली, "आजोबा, तुमची जागा धरलीये." होडी आठ पावलांवर होती.

तेव्हाच आजीची मान एका बाजूला कलली. हे जरा जास्तच होतंय, असं आजोबांना वाटलं. सोंगाढोंगाची त्यांना चांगली पारख होती. कंडक्टर तिकिटासाठी जवळ आला की अर्ध्या बसला गाढ झोप लागते. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. पण सोंग घेतलेला माणूस आपली पिशवी घट्ट धरून असतो. ज्याला खरी झोप लागते, त्याचा आधी हात सुटतो.

त्यांनी खाली पाहिलं. आजीचा हात मांडीवर उताणा पडला होता. ज्या किल्ल्या ती कधी हातावेगळ्या करत नसे, त्या घसरून खुर्चीच्या कडेला अडकल्या होत्या. सकाळचे अकरा वाजत होते, मागे चार माणसं बडबडत होती, डोक्यावर दिवा होता, आणि ती झोपली होती.

रात्री त्यांना स्वतःहून कूस बदलता येत नसे. ती किती वेळा उठत असेल, हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं. पहाटे पाचची गोळी त्यांना वेळेवर मिळायची. सहलीच्या वेळापत्रकात त्यांनी घरातल्या प्रत्येकासाठी एक रकाना केला होता. नातीच्या रकान्यात झोके होते, जावयाच्या रकान्यात पार्किंग, त्यांच्या स्वतःच्या रकान्यात एक ते दोन सावलीत विश्रांती. आजीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत, अक्षर बारीक होत होत दिसेनासं होईपर्यंत, एकच शब्द लिहिला होता. सोबत.

आजोबा थांबले. त्यांनी पायाने चाकाचा ब्रेक हळूच दाबला. पाय तसे मजेत होते, गोळीचा अंमल अजून तासभर सहज टिकला असता. आठ पावलं गेले असते तर नातीने आरडाओरडा केला असता, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. मागे चौथ्या मजल्याचे गृहस्थ थांबले, त्यांच्यामागे बाकीचे थांबले. नात सतरंजीवरून उठून बघायला लागली.

मुलगी वही उघडून मागून आली. तिला बापाची पाठ तेवढी दिसत होती.

"बाबा, अडकलात?"

आजोबांनी दांडे सोडले नाहीत आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

"हो," ते म्हणाले. "तीन लिही. आणि हळू बोल."