बाहेर कोणी असेल तोवर

“अगं ए युलाले, सोड की तो दोर! सगळे आलेत घरात. मी आलोय, माझी गाय आलीय, त्या दोघी बहिणी चुलीपाशी बसल्यात. आणखी कोणाला बोलावतेस?”

बातिस्त दारातूनच ओरडत होता. बाहेर पाऊल टाकायची त्याची छाती नव्हती. वेळ दुपारची, पण पाव भाजायच्या गावभट्टीपलीकडचं काही दिसत नव्हतं. वारा बर्फाला जमिनीवर टेकूच देत नव्हता. भट्टीला लागून दगडी कमान, कमानीत घंटा आणि घंटेखाली युलाली. डोक्यावरून शाल घट्ट ओढून, पाय रोवून ती दोर ओढत होती.

“बहिरी झालीस का?”

“तू दार लाव आधी! गारठा शिरला कमरेत की पुन्हा माझ्याच नावानं शंख करशील.”

बातिस्तनं दार आपटलं. चाळीसेक वर्षांचा शेजार, भांडल्याशिवाय दोघांचा दिवस जात नसे.

कोस्तग्रीस ही वस्ती फ्रान्समधल्या लोझेर डोंगराच्या पाठीवर. चर्च खालच्या गावात, शाळा कधीच बंद पडली, पण घंटा आपली स्वतःची. वर सगळा उघडा माळ. मेंढ्यांची एक जुनी वाट आणि तिच्या कडेनं कधीकाळी धर्मयोद्ध्यांनी क्रूस कोरून रोवलेले हद्दीचे दगड. वादळ आलं की दगड बुडतात, वाट बुडते, आणि इथंच जन्मलेला माणूससुद्धा आपल्याच घराभोवती फेऱ्या घालत गोठून मरतो. म्हणून ही घंटा. नियम बापजाद्यांचा: वादळ उठलं की वाजवायची, आणि बाहेर एक जरी माणूस असेल तोवर दोर सोडायचा नाही. पूर्वी घराघरातून माणसं पाळीनं यायची. मग पोरं खाली कोळशाच्या खाणीत गेली, काही लढाईत संपली, पोरी शहरात लोकांची धुणीभांडी करायला गेल्या. उरली ही चार म्हातारी डोकी.

आणि चारही घरात होती. बातिस्तचं खोटं नव्हतं. पण युलालीच्या हिशेबी एक माणूस अजून बाहेर होता.

सिप्रियँ, तिचा नवरा. ऐन तरुणपणीची गोष्ट, लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मेंढ्यांसाठी मीठ आणायला म्हणून खालच्या बाजाराला गेला आणि परतताना वादळात सापडला. तिनं तळहाताची सालटी निघेस्तोवर घंटा वाजवली. वसंतात बर्फ वितळल्यावर अख्ख्या गावानं काठ्या घेऊन माळ धुंडाळला. अंग नाही, टोपी नाही, मिठाची पिशवीसुद्धा नाही. पाद्री मयताची प्रार्थना करायला वर आले, तर हिनं त्यांना उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. “मेला म्हणता, तर दाखवा कुठाय!” तेव्हापासून प्रत्येक वादळात ती कमानीखाली. नियम म्हणजे नियम.

लोक म्हणायचे, डोक्यावर परिणाम झालाय. म्हणोत बापडे. तिनं एक गोष्ट मात्र कोणालाच सांगितली नव्हती. दोन टोल्यांच्या मध्ये तिला पायातल्या लाकडी जोड्यांचा आवाज यायचा. भट्टीच्या मागून कोणीतरी चालत यायचं, कमानीजवळ थबकायचं, पुन्हा मागं वळायचं. ती बघायची तर तिथं काही नसायचं. ती घाबरायची, तरी दोर सुटायचा नाही.

आता खालच्या चर्चची घंटा तडकली होती आणि पंचायतीनं ठरवलं, कोस्तग्रीसची उतरवून तिथं न्यायची. म्हाताऱ्यांना कशाला हवी? मोटारीचा रस्ता डोंगराला वळसा घालून झालाय, माळावरून आता येतं कोण? “माझं मढं ओलांडून न्या,” युलाली सरपंचाच्या तोंडावर म्हणाली होती. तरी उद्या माणसं यायची होती. म्हणून आज ती जिवाच्या आकांतानं वाजवत होती. घंटा गेल्यावर सिप्रियँनं कशाच्या आवाजावर यायचं?

जोडे वाजले.

भट्टीच्या मागून. ती नेहमीसारखी थिजली. पण आज आवाज थबकला नाही, मागं वळला नाही. बर्फातून एक पांढरा आकार निघाला, कमानीच्या दगडाला धरून उभा राहिला. भुवया गोठलेल्या, चेहऱ्याच्या जागी नुसता बर्फ.

“आलास?” ती म्हणाली. “आलास का रे? किती उशीर केलास!”

“झाला खरा उशीर,” तो आकार पुटपुटला. “वाटच सापडेना. घंटा ऐकू आली, तिच्यामागं मागं आलो.”

युलालीनं दोर सोडला. तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड पुसलं. बर्फाखालून एक कोवळा, अनोळखी चेहरा निघाला.

तो मार्सलँ, खालच्या गावचा गवंडी. घंटा उतरवायला आलेला. कमानीचा दगड आधी पाहून ठेवावा म्हणून एक दिवस अगोदर एकटाच माळावरच्या जवळच्या वाटेनं निघाला आणि वादळात सापडला. युलालीनं त्याला चुलीपाशी बसवलं, कोबीचं कढत सूप पाजलं. बातिस्त घरची दारू घेऊन धावत आला.

अंगात धुगधुगी आल्यावर पोरगा रडायलाच लागला. “मावशी, ही घंटा नसती तर मी संपलो होतो. मी नाही काढायचो ती. सांगतो सरपंचांना, कमान खिळखिळी झालीय, हात लावला तर पडेल.”

“शाब्बास रे पठ्ठ्या!” बातिस्तनं मांडीवर थाप मारली. “ऐकलंस ना, युलाले? जिंकलीस!”

युलाली विस्तवाकडे बघत होती.

“घेऊन जा,” ती म्हणाली.

“आँ? अगं, वेड लागलं का तुला? एवढी भांडलीस ती कशासाठी?”

“हा पोरगा ना गावचा ना घरचा. त्याला वाट माहीत नाही. तरी ऐकून आला.” ती थांबली. “सिप्रियँला तर दगड न् दगड ठाऊक होता, बातिस्त. त्याला ऐकू येत असतं, तर तो आला नसता का?”

बातिस्तनं दारूचा पेला तिच्या हाताजवळ सरकवला. ती रडली, चारचौघांत पहिल्यांदा.

सकाळी आभाळ लख्ख होतं. खालून माणसं रस्त्यानं वळसा घालून घसरगाडी घेऊन आली. मार्सलँ शिडीवर चढणार तोच युलालीनं त्याला थांबवलं आणि दोर हातात घेतला.

वादळाची घंटा घाईची असते, टोल्यावर टोला. तिनं एक टोला दिला आणि तो पुरता विरेपर्यंत वाट पाहिली. मग दुसरा दिला. त्या दोघी बहिणी दारात आल्या. ही मयताची घंटा आहे, हे कोणाला सांगावं लागलं नाही. बातिस्तनं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

माळ उन्हात पांढराशुभ्र पसरला होता. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.